सातबाऱ्यावरचं नाव खरं, माणूस खोटा: नेब्रास्कातल्या टर्कीच्या नादात गेलेले ८०० डॉलर

मागच्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, चॅड्रन गावाबाहेर, एका रँचच्या, म्हणजे मोठ्या गुरांच्या शेताच्या, फाटकासमोर मी उभा होतो. फोनवर कुलूप उघडायचा चार आकडी कोड होता. फाटकाला मात्र आकड्यांचं कुलूपच नव्हतं. साधं, किल्लीचं, गंजलेलं कुलूप. मी वेड्यासारखा ते उलटंपालटं करून आकडे शोधत होतो. कॅन्सस सिटीहून सहाशेएक मैल गाडी हाकून आलो होतो. ज्याला फोन लावत होतो तो नंबर दुपारपासून बंद होता.

मी मूळचा संगमनेरकडचा, पंधरा वर्षं इकडे. शिकारीचा नाद ऑफिसातल्या एका मित्रामुळे लागला. भारतात १९७२च्या कायद्यानंतर शिकार म्हणजे तुरुंगाची वाट, त्यामुळे आईला अजूनही वाटतं की मी काहीतरी लपवून करतोय. कॅन्ससमध्ये दोन वसंत मित्राच्या मागे फिरलो, रानटी टर्की पक्ष्याचा एक नर मिळाला, आणि मग डोक्यात मेरियम्स जातीच्या टर्कीने घर केलं. पश्चिमेकडच्या पाँडेरोसा पाइनच्या रानात राहणारी, पिसाऱ्याच्या टोकाला जवळजवळ पांढरी किनार असलेली. पहिल्यांदाच दुसऱ्या राज्यात जाऊन शिकार करायची होती, म्हणून तयारीही जोरात केली. चाळीस यार्डांवर कागद लावून बारा गेजच्या बंदुकीचे छर्रे दहा इंचांच्या वर्तुळात किती बसतात ते मोजलं. गाडीत बसून बॉक्स कॉल, म्हणजे टर्कीचा आवाज काढणारी लाकडी पेटी, घासत राहिलो, मुलीने कानावर हात ठेवले. चीफ्स या आमच्या फुटबॉल संघाची लाल टोपी घरीच ठेवली, कारण नराचं डोकं लाल-पांढरं-निळं असतं आणि रानात ते रंग घालून फिरणं म्हणजे दुसऱ्याच्या छर्ऱ्यांना आमंत्रण. (एच-वन-बी व्हिसावर असलेल्यांसाठी जाता जाता: वैध हंटिंग लायसन्स हातात नसेल तर बंदूक नुसती बाळगणंही फेडरल गुन्हा ठरू शकतो. मी ग्रीन कार्डवर आहे. तुम्ही आधी वकिलाला विचारा.)

कागदपत्रं सरळ होती. हंटर एज्युकेशनचं सर्टिफिकेट, राज्याच्या अधिकृत साइटवरून परमिट, त्यावर हॅबिटॅट स्टॅम्प, म्हणजे वन्यजीवांच्या अधिवासासाठीचं शुल्क. नेब्रास्काने परराज्यातल्यांच्या परमिटवर १०,०००ची मर्यादा घातलेली असल्यामुळे ते हाती पडताच हायसं वाटलं. आता फक्त जागा. आणि अडलं ते इथंच.

नेब्रास्कातली ९७ टक्के जमीन खासगी आहे. तिथे शिकार करायची तर मालकाची परवानगी हवी, म्हणजे अनोळखी रँचरच्या दारावर टकटक करायची. मित्र म्हणाला, सगळे तेच करतात. तो करू शकतो. आयोवाच्या शेतकऱ्याचा मुलगा तो, दारात उभा राहिला की कुत्रंसुद्धा शेपूट हलवतं. मी माझ्या उच्चारांसकट, नवीकोरी कॅमो पँट घालून उभा राहिलो तर काय होईल, याचा विचार करत दोन महिने घालवले. तेव्हा एका शिकारीच्या ग्रुपवर ती पोस्ट दिसली: १२०० एकर, ओढ्याकाठी रात्रीचा थवा बसतो, छोटी केबिन, दोन सकाळी, ८०० डॉलर. मला त्या माणसाने जमीन विकली नाही. दार न ठोठावण्याची सोय विकली.

फोनवर तो फार गोड बोलायचा. वडिलांच्या खुब्याच्या ऑपरेशनबद्दल सांगायचा, मला विचारायचा, "तुमच्याकडे बेकन चालतं ना? बायको सकाळी करून देईल." नकाशा पाठवला, चार पानी करार पाठवला. मी काही अगदीच बावळट नाही. जमिनीच्या हद्दी दाखवणाऱ्या अॅपमध्ये तो तुकडा उघडून पाहिला. इकडे मालकी हे सार्वजनिक रेकॉर्ड असतं, काउंटीच्या असेसरकडे, म्हणजे जमिनीवरचा कर ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, कुणीही पाहू शकतं. करारावरचं नाव आणि अॅपवरचं नाव तंतोतंत जुळलं. त्याच रात्री, जानेवारीत, मी ३०० डॉलर झेलने, म्हणजे बँकेतून थेट बँकेत पैसे पाठवणाऱ्या सोयीने, पाठवले. मार्चमध्ये "जॉर्जिया राज्यातले दुसरे शिकारी जागेसाठी मागे लागले आहेत" म्हणाला, उरलेले ५०० पण पाठवले.

झेलवर नाव वेगळंच आलं होतं. विचारलं तर म्हणाला, हिशेब जावई बघतो. बायको मागून म्हणाली, "अरे, जावयाच्या खात्यात कशाला?" मी म्हटलं, तुला इकडची पद्धत माहीत नाही. जणू मला माहीत होती.

आता हसू येतं ते यासाठी, की हा प्रकार मला पाळण्यापासून माहीत असायला हवा होता. सातबाऱ्यावर नाव खऱ्या मालकाचं, आणि निबंधकासमोर उभा केलेला माणूस तोतया. आमच्या तालुक्यात अशी खरेदीखतं झालेली आहेत, वडिलांनी जेवताना ते किस्से सांगितलेले आहेत. गावी अर्धा एकर घ्यायचा झाला तर मी फेरफार बघतो, शेजारच्या बांधवाल्याला विचारतो, चावडीवर चहा पितो. इथे सातबारा पाहिला आणि माणूस पाहायचा विसरलो. नाव जुळलं म्हणजे फोनवरचा माणूस तोच, हे मी कुठून काढलं? ते नाव त्यानेही त्याच अॅपवरून उचललं होतं.

खरी चूक मात्र फोटोत होती आणि ती माझ्या डोळ्यांसमोर तीन महिने होती. पोस्टमध्ये त्याने "आमच्या ओढ्यावरचा नर" म्हणून टाकलेला पक्षी, पंख्यासारखा पसरलेला पिसारा, आणि त्याच्या टोकांची किनार गडद तांबूस. दालचिनीच्या सालीसारखी. तो पूर्वेकडचा ईस्टर्न जातीचा पक्षी. मी रोज रात्री मेरियम्सची पांढरी किनार वाचत होतो आणि हा फोटो फोनच्या वॉलपेपरला लावून झोपत होतो. परत आल्यावर तो फोटो इंटरनेटवर टाकून मूळ कुठला ते शोधलं. टेनेसीतल्या कुणाचा तरी जुना फोटो होता.

फाटकापाशी अर्ध्या तासाने एक म्हातारा साइड-बाय-साइडवर, म्हणजे शेतातल्या छोट्या उघड्या गाडीवर, आला, मागे दोन कुत्री. मी फोन पुढे केला. त्याने चष्मा कपाळावर चढवून करार वाचला, स्वतःचं नाव वाचलं, आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "या वसंतात तुम्ही तिसरे." आवाजात राग नव्हता, उलट त्यालाच ओशाळल्यासारखं झालं होतं. त्याच्या रानात नातवंडं शिकार करतात, बाहेरच्यांना तो सोडत नाही. त्याने मला सांगितलं की मागे वळून काही मैलांवर नॅशनल फॉरेस्टचं पाइन रिज रान आहे, परमिट असेल तर तिथे कुणाच्या परवानगीची गरज नाही. फुकट. हे मित्रानेही सांगितलं होतं, पण "सार्वजनिक जमिनीवर गर्दी असते" असं वाचून मी तिकडे पाहिलंच नव्हतं.

जाताना त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती कुणाच्या तरी उपयोगी पडेल. मालकाचा फोन जाहिरातीतून घेऊ नका. असेसरच्या रेकॉर्डवर टॅक्सचं बिल जातं तो पत्ता असतो, त्यावर जानेवारीत पत्र टाका, स्वतःचा नंबर द्या. "लोक पत्राला उत्तर देतात," म्हणाला. "मी देतो. नाही असंच, पण देतो."

दोन सकाळी त्या सरकारी रानात बसलो. पहिल्या दिवशी हिमकण पडत होते, काहीच ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी दूरच्या कड्यावरून गॉबल, म्हणजे नराची हाक, आली, पुन्हा आली, मी स्लेटवर घासून काढलेल्या मादीच्या आवाजाला नराने उत्तरही दिलं, आणि मग तो कुठल्या तरी मादीमागे उलट दिशेला निघून गेला. एकही गोळी न झाडता परतलो.

बँकेने हात वर केले: पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, चोरीला गेलेले नाहीत. एफबीआयच्या इंटरनेट गुन्ह्यांच्या पोर्टलवर, आयसी३वर, तक्रार केली, शेरिफकडेही नोंद आहे. पैसे आलेले नाहीत.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपवर तोच फोटो दिसला. या वेळी साउथ डकोटा, ब्लॅक हिल्स, दोनच जागा शिल्लक. किनार तशीच तांबूस. मी खाली लिहिलं, "हा पक्षी ब्लॅक हिल्सचा नाही." दहा मिनिटांत मला ब्लॉक केलं.