खेड्यात प्रेशर वॉशर घ्यावा का? गाडी धुण्याच्या घरगुती यंत्राचं परीक्षण

खोक्यावर १२०-१३० बार (बार म्हणजे पाण्याच्या दाबाचं माप) असं ठळक छापलेलं असतं आणि दुकानदारही तेवढाच आकडा घोकतो. विदर्भातल्या खेड्यात मात्र यंत्र चालणार की पोत्याखाली पडून राहणार, हे टाकीतल्या पाण्यावर आणि संध्याकाळच्या व्होल्टेजवर ठरतं. म्हणून इथे बारचं कौतुक कमी आणि नळ-वायरची चौकशी जास्त आहे.

विषय आहे साधारण सात ते बारा हजारांत मिळणाऱ्या, १४०० ते १८०० वॅटच्या, सिंगल फेजवर चालणाऱ्या यंत्रांचा. केर्शरचं के २ घेतलं तर त्यावर ११० बार आणि तासाला ३६० लिटर लिहिलेलं असतं. बाकी कंपन्यांचा माल याच्याच आसपास. छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, चालू कामात दाब त्याहून कमी मिळतो आणि कारच्या रंगासाठी तोही भरपूर होतो. जास्त बारसाठी हजार-दोन हजार वर मोजण्यापेक्षा आठ मीटरचा होज, पितळी कपलिंग आणि ड्रममधून पाणी ओढायची सोय यांवर पैसे घालावेत.

वरुड, मोर्शी, काटोलकडच्या संत्रापट्ट्यात पहिला प्रश्न येतो: फवारणीचा एचटीपी पंप घरी असताना हे कशाला? प्रश्न रास्त आहे. एचटीपीचा दाब कमी, पण पाणी कितीतरी जास्त. ट्रॅक्टर-ट्रॉलीचा चिखल काढायला तोच सरस. कारसाठी अडचण वेगळी आहे. होजमध्ये आणि गनमध्ये बोर्डो बुरशीनाशकाचा किंवा तणनाशकाचा अंश राहतो, तो रंगावर, काचेवर आणि धुणाऱ्याच्या अंगावर उडतो. वापरायचाच तर गाडीसाठी होज आणि गन वेगळी ठेवावी.

आता लाइन. १५०० वॅटचं यंत्र २३० व्होल्टवर साडेसहा अँपिअर ओढतं, म्हणजे टीव्हीच्या लहान प्लगवर ते लावायचं नाही. १६ अँपिअरचा पॉवर प्लग, चालू अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) हवाच, कारण माणूस ओल्या जमिनीवर ओल्या हाताने उभा असतो. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी टाकलं जात नसेल तर ती अर्थिंग नावापुरती. एक्स्टेन्शन लागलंच तर २० मीटरपर्यंत २.५ स्क्वेअर एमएमची तीन कोअर वायर घ्यावी आणि रीळ पूर्ण उलगडून वापरावं. गुंडाळलेली वायर तापते. जोड पाण्यात पडू देऊ नये.

रब्बीत ओलिताच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज बसतं. कार्बन ब्रशवाली मोटार अशा वेळी मंद चालते, दाब कमी मिळतो, पण सहसा निभावते. इंडक्शन मोटार आवाजाला शांत आणि टिकाऊ असते, पण १७०-१८० व्होल्टवर ती नुसती हुंकारते. व्होल्टेज घटलं की तिचा सुरुवातीचा जोर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे कितीतरी जास्त घटतो. हुंकार ऐकू येताच बटण बंद करावं, नाहीतर वाइंडिंग जळते. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर यातलं कुठलंही यंत्र चालवायचा विचार करू नये.

पाण्याचं गणित सोपं आहे. यंत्राला मिनिटाला सहा लिटर लागतात, त्यावर थोडं जादा धरून नळाखाली दहा लिटरची बादली सव्वा मिनिटाच्या आत भरली पाहिजे. एक मजली घराच्या स्लॅबवरची टाकी अर्ध्या इंची लांब पाइपातून तेवढं पाणी देईलच असं नाही. पाणी कमी पडलं की पंप हवा ओढतो, धार धडधडत तुटक येते आणि आतले सील घासतात. यावर २०० लिटरचा ड्रम हा चांगला उपाय. मात्र ओढायचा पाइप कडक, तारेचा किंवा जाड विणीचा हवा. बागेचा मऊ हिरवा पाइप ओढीने चपटा होतो. टोकाला जाळीचा फूट वॉल्व्ह (पाणी मागे न सोडणारी झडप), पाइप दोन-तीन मीटरच, आणि यंत्र ड्रमच्या तळाच्या पातळीवर. सुरू करण्याआधी पाइप पाण्याने भरून घ्यावा, ट्रिगर दाबून हवा जाऊ द्यावी, मगच बटण.

गाडी धुताना काळ्या मातीचा स्वभाव लक्षात ठेवावा. ती भिजली की फुगते आणि स्वतःच सुटायला लागते, वाळलेली असताना सिमेंटसारखी धरून बसते. पांदण रस्त्यावरून आलेल्या गाडीच्या मडगार्डच्या आतल्या कडेला तिची पट्टी जमते. तिच्यात खडे असतात, पऱ्हाटीचे तुकडे असतात. त्यावर फडकं फिरवलं की रंगावर जाळीसारखे ओरखडे पडतात. आधी साध्या धारेने सगळं भिजवून दहा मिनिटं थांबावं. मग ४० अंशांचा पसरट फवारा लावून, रंगापासून किमान ३० सेंटिमीटर अंतर राखून, तिरक्या धारेने माती रेटत न्यावी. सरळ काटकोनात मारलेली धार माती आत ठोकते. चाकं आणि खालचा भाग आधी, बॉडी नंतर, तीही छतापासून खाली.

शून्य अंशाची सुईसारखी धार आणि गोल फिरणारा नोझल फरशीसाठी ठेवावेत, गाडीला लावू नयेत. डेंट काढून पुन्हा रंगवलेला भाग, उचकटलेला स्टिकर, दारांचं रबर, पार्किंग सेन्सर, टायरची बाजू आणि व्हॉल्व्ह, चाकाच्या बेअरिंगजवळची जागा, ॲक्सलचे रबरी बूट इथे जवळून धार देऊ नये. रेडिएटरच्या पुढच्या जाळीत चिखल गेला असेल तर साधा नळ बरा. पत्र्याची नाजूक पाती दाबाने आडवी होतात आणि मग इंजिन तापतं. बोनेट उघडून आत मारणं तर नकोच. पोळ्याला बैल धुवायला हे यंत्र काढणारेही निघतील, त्यांनी बादली आणि हात वापरावा.

सोबत येणारी फेसाची लहान बाटली बहुतेक यंत्रांत निकामी, साबणाचं पाणी तेवढं उडतं. वेगळी फोम कॅनन घेतली तर एक लिटरच्या बाटलीत ५० ते १०० मिली कार शाम्पू, बाकी पाणी. फेस चार-पाच मिनिटं ठेवायचा, वाळू द्यायचा नाही. कपड्याची पावडर वॅक्स खरवडून नेते. फेसानंतर मायक्रोफायबरचा हातमोजा आणि दोन बादल्या, एक साबणाची, एक मोजा खळबळायची. उन्हाळ्यात पारा ४५ वर असताना सकाळी सातच्या आतच धुवावं. पत्रा हाताला तापलेला लागला तर थांबावं.

खारपाणपट्ट्यात, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यात अकोला-अमरावती-बुलडाण्याकडे, बोअरचं पाणी वाळलं की पांढरे ठिपके उरतात. शेवटचं पाणी पडताच लगेच पुसून घ्यावं. आरओचं वाया जाणारं पाणी कारसाठी साठवणारे बरेच आहेत, पण त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. त्यापेक्षा पावसाचं साठवलेलं पाणी शेवटच्या धुण्याला उत्तम.

बिघाड बहुतेक ठराविकच. धार धडधडते: आतल्या जाळीत वाळू किंवा टाकीतलं शेवाळ, प्रत्येक वेळी जाळी काढून धुवावी. ट्रिगर न दाबता मोटार आपोआप चालू-बंद होते: गनमधली किंवा जोडातली ओ रिंग (रबराची गोल कडी) गळते आहे. दाब हळूहळू कमी झाला: नोझलचं भोक पिनेने साफ करून बघावं, तरी नाही तर पंपाचे सील गेले. बंद करताना आधी बटण, मग नळ, मग ट्रिगर दाबून उरलेला दाब सोडावा, त्याशिवाय होज निघत नाही. धार माणसाकडे कधीच नाही. कातडीत पाणी घुसलं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना.

महिन्यातून एकदाच गाडी धुणाऱ्याने तालुक्याच्या वॉशिंग सेंटरवर जावं. पावसाळाभर पांदणीवरून ये-जा असेल, घरी दोन वाहनं असतील, तर यंत्र परवडतं. एका धुण्याला ५०-६० लिटर पाणी पुरतं. घेण्याआधी दुकानदाराला एवढं विचारावं की सील, ओ रिंग आणि कार्बन ब्रश नागपूर, अमरावती की अकोल्यात मिळतात. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी कंपनी बघावी.