एअर बेड घ्यावा, पण दुकानदाराच्या भरवशावर नाही

बाबांचा प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात उतरला आणि त्यांचं चालणं बंद झालं, तेव्हा ऐरोलीच्या घरी हा एअर बेड आणला. बबलवाला, नेहमीच्या गादीवर अंथरायचा, सोबत पायथ्याशी अडकवायचा छोटा पंप. ठाणे स्टेशनजवळच्या एका सर्जिकलच्या दुकानात अडीच हजारांच्या आसपास मिळाला. पैसे वसूल झाले, हे आधीच सांगतो.

बबलच्या ओळी आळीपाळीने फुगतात आणि बसतात, त्यामुळे अंगाचा भार एकाच जागी राहत नाही. माकडहाड, खुबे, टाचा इथली कातडी आधी लाल होते, मग फुटते; आणि केमोने खंगलेल्या माणसाची जखम लवकर भरत नाही. बाबांच्या माकडहाडावर लाली दिसू लागली होती. ती वाढली नाही, हळूहळू गेली.

दुकानदार मात्र म्हणाला, "आता कूस बदलायची कटकट गेली." हे साफ चुकीचं आहे आणि अशा बोलण्यावर विसंबणाऱ्या घरांची मला काळजी वाटते. खारघरच्या टाटामधल्या सिस्टरनी आम्हाला बजावलं होतं की बेड असला तरी दर दोन तासांनी कूस बदलायचीच. मणक्याचा पेशंट असल्याने दोघांनी मिळून, खांदा आणि कंबर एकदम वळवायची, पाठ पिळू द्यायची नाही. रात्री दोनपर्यंत आई, नंतर मी, आणि वळवायच्या वेळी दुसऱ्याला उठवायचं. टाचांखाली काही येऊ नये म्हणून पोटऱ्यांखाली उशी.

हवा बरोबर आहे का, हे बघायलाही सिस्टरनीच शिकवलं. तळहात वर करून एअर बेड आणि गादीच्या मधून माकडहाडापर्यंत सरकवायचा. हाड हाताला टेकलं तर हवा कमी. पंपाचं बटण थोडं वाढवायचं. मी रोज अंघोळ घालण्याआधी हे बघतो. वर एकच सुती चादर, तीही फार ताणून नाही. आईने मायेने आजीची गोधडी घातली होती, ती काढावी लागली. जाड थर असला की बबलचा उपयोग होत नाही.

त्रास दोन. प्लॅस्टिकमुळे पाठीला घाम येतो, मे महिन्यात तर चादर दिवसातून तीनदा बदलावी लागली. आणि पंप बंद पडला की बबल बसू लागतात. ऐरोलीत पावसाळ्यात वीज गेली तेव्हा पंपाची घरघर थांबताच आई जागी झाली. आता तो इन्व्हर्टरवर आहे. वीज फार कमी खातो.

घेताना दुकानातच पंप लावून पूर्ण फुगवून बघा, पंक्चरचे पॅच डब्यात आहेत का ते पाहा आणि पंपाची वॉरंटी बिलावर लिहून घ्या.