आरोलसेन अर्काइव्हजचा ऑनलाइन संग्रह : आमच्या दारातलं एक नाव

बर्लिनमध्ये आमच्या इमारतीसमोर फुटपाथमध्ये वीतभरही नाही असा एक पितळी दगड बसवलाय. ‘इथे राहत होत्या’, खाली नाव, जन्म 1886, मग 12.1.1943, आउश्वित्झ, म्हणजे त्यांना तिथल्या नाझी मृत्युछावणीकडे पाठवलं ती तारीख. सहा वर्षं त्याच्या बाजूने ये-जा केली. या हिवाळ्यात त्या बाईंना शोधायला बसले.

आरोलसेन अर्काइव्हज म्हणजे नाझींच्या छळाला बळी पडलेल्यांचे कागद जपणारं जर्मनीतलं अभिलेखागार. त्यांचा ऑनलाइन संग्रह मोफत आहे. तीन कोटींहून जास्त कागद, पावणेदोन कोटी माणसांची माहिती. पण नुसतं नाव टाकलंत तर त्याच नावाच्या कितीतरी बायका समोर येतात. म्हणून आधी जर्मन राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘गेडेंकबुख’, म्हणजे नाझींनी बळी घेतलेल्या ज्यूंच्या नावांचं स्मृतिपुस्तक, उघडा, तेही ऑनलाइन आहे. तिथे जन्मतारीख, जन्मगाव आणि माहेरचं आडनाव मिळालं. ते घेऊन आरोलसेनला आले आणि दहा मिनिटांत त्यांना आउश्वित्झला नेलेल्या गाडीची यादी सापडली.

नावापुढे ‘सारा’ दिसलं तर गोंधळू नका. 1939 पासून ज्यू बायकांवर ‘सारा’ आणि पुरुषांवर ‘इस्रायल’ हे जादा नाव सरकारने लादलं होतं. शोधताना ते गाळा.

यादी टाइप केलेली, शाई फिकट. व्यवसाय : कामगार. वय : 56. काम करण्यास योग्य : होय. पत्त्याच्या रकान्यात आमचा घरक्रमांक. मी पार्सल मागवताना लिहिते तोच. तो पाहिल्यावर मी लॅपटॉप मिटून ठेवला, त्या दिवशी पुढे काही झालं नाही.

नंतर दोन रात्री पुढचा कागद, म्हणजे छावणीतली नोंद, शोधत राहिले. तो नाही. आउश्वित्झला उतरवल्याबरोबर ज्यांना गॅस चेंबरकडे नेलं, त्यांची छावणीत नोंदच होत नसे. हे माहीत असू द्या, म्हणजे आपलंच शोधणं चुकतंय असं वाटणार नाही. जिथे छावणीची कार्डं आहेत तिथे शिक्के आणि खुणा कळायला त्यांचं ई-गाइड फार उपयोगी आहे.

माझ्याकडून पाच तारे. फक्त इथेच थांबू नका, जेरुसलेमच्या याद वाशेम या ज्यू-हत्याकांडाच्या स्मारकाची नामसूचीही बघा. तिथे मला त्यांच्या भाचीने हाताने भरलेलं साक्षपत्र मिळालं. त्यात ‘सारा’ नाही, घरी हाक मारायचे ते छोटं नाव आहे. आणि व्यवसायाच्या ओळीत ‘कामगार’ नाही. कारखान्यात सक्तीने जुंपण्याआधी मावशी बायकांच्या टोप्या शिवायची, ते तिने लिहिलंय.