बीजेसीपीची शैलीपुस्तिका आणि गुणपत्रिका : कोथरूडच्या टेबलावर सहा महिने

घरगुती बिअरच्या स्पर्धांमध्ये परीक्षक जी शैलीपुस्तिका (बिअरच्या प्रत्येक प्रकाराचे, म्हणजे शैलीचे, वर्णन देणारी) आणि जी गुणपत्रिका समोर घेऊन बसतात, ती दोन्ही साधने आम्ही पाच जण गेले सहा महिने दर पंधरा दिवसांनी कोथरूडमध्ये एका मित्राच्या घरी वापरत आहोत. हे परीक्षण त्या वापरावर आधारलेले आहे. ही साधने तयार करणारी बीअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅम, म्हणजेच बीजेसीपी, ही संस्था अमेरिकेत १९८५ मध्ये सुरू झाली. तिथे १९७८ च्या कायद्याने घरी बिअर बनवण्यास मुभा मिळाल्यावर स्पर्धा वाढत गेल्या आणि सगळीकडे एकाच मापाने मोजणाऱ्या परीक्षकांची गरज भासू लागली. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्यनिर्मितीला परवाना लागतो, त्यामुळे आमच्या टेबलावर येणारी बिअर वाइन शॉपमधून विकत आणलेलीच असते. परीक्षणाची रीत शिकण्यासाठी तिने काही अडत नाही.

गुणपत्रिका एका पानाची आणि एकूण पन्नास गुणांची आहे. गंधाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील पोताला (बिअर तोंडात कशी जाणवते त्याला) ५ आणि एकूण परिणामाला १० गुण, अशी तिची वाटणी आहे. रूपाला अवघे तीनच गुण का, असा प्रश्न पहिल्या दिवशी आमच्यापैकी प्रत्येकाला पडला होता, कारण टॅपरूममध्ये ग्लास समोर आला की आपण आधी रंग आणि फेसच पाहतो. काही आठवड्यांनी मात्र ही वाटणी मला पूर्ण पटली. फेस सुंदर असलेली आणि चवीला पोकळ असलेली बिअर या पत्रिकेत वर येऊ शकत नाही, आणि तसेच असायला हवे. बिअर ओतल्यावर सर्वप्रथम वास घ्यायचा आणि तो तत्काळ लिहून काढायचा, रंग नंतर पाहायचा, हा क्रमही विचारपूर्वक ठरवलेला आहे, कारण काही गंध मिनिटाभरात उडून जातात आणि पुन्हा हाती लागत नाहीत. सर्वांचे लिहून होईपर्यंत कोणी बोलायचे नाही, हा नियम आम्ही काटेकोरपणे पाळतो. गप्पांसाठी जमलेल्या पाच पुणेकरांना दहा-दहा मिनिटे गप्प बसणे जड जाते, पण एकाने "केळ्याचा वास येतोय" म्हटले की उरलेल्या चौघांना तो आलाच म्हणून समजावे.

या साधनांचे खरे मोल मला कळले ते गव्हाच्या बिअरच्या दिवशी. पुण्यात गव्हाची बिअर सहज मिळते आणि आवडीने प्यायली जाते, म्हणून आम्ही सुरुवात वाइसबिअर या जर्मन शैलीपासून केली. यजमानांच्या सुनेने स्वयंपाकघरात चार ग्लास भरले, त्यांना चिकटपट्टीवर क्रमांक लिहून लावले आणि एकेक करून बाहेर आणले. तीन क्रमांकाची बिअर मला विलक्षण आवडली. पपनसाच्या सालीसारखा ताजा वास, हलका कडवटपणा आणि स्वच्छ शेवट होता. मी तिला ४१ गुण दिले, म्हणजे पत्रिकेच्या भाषेत 'उत्कृष्ट'. शेजारी बसलेल्या निवृत्त रसायनशास्त्रज्ञ मित्राने तिला २८ दिले होते. परीक्षकांच्या गुणांतील अंतर शक्यतो सात गुणांच्या आत असावे अशी अपेक्षा असते आणि आमच्यात तेरा गुणांचे अंतर पडले होते, त्यामुळे पुस्तिका उघडणे भाग पडले.

२०२१ च्या आवृत्तीत वाइसबिअरची नोंद दीड पानाच्या आत मावते आणि तिच्यात संदिग्ध असे काही नाही. निम्मे किंवा त्याहून अधिक गव्हाचे माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), कडवटपणा ८ ते १५ आयबीयू (कडवटपणा मोजण्याचे एकक), मद्यार्क ४.३ ते ५.६ टक्के, आणि यीस्टमधून येणारा केळ्याचा व लवंगेचा गंध हाच या शैलीचा प्राण, तर हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा, गंध जवळपास नसावा. माझ्या ग्लासात केळे नव्हते आणि लवंगही नव्हती. जे मला भावले होते ते सगळे हॉप्सचे होते. पुस्तिकेची पाने उलटून आम्ही अमेरिकन व्हीट बिअरची नोंद काढली. तिच्यात यीस्ट स्वच्छ असावे, केळे-लवंग नसावी आणि कडवटपणा १५ ते ३० आयबीयूपर्यंत चालेल, असे म्हटले आहे. त्या नोंदीसमोर तीच बिअर ठेवल्यावर आमचे गुण ३८ आणि ४० असे जवळ आले. डब्यावर ठळक अक्षरांत 'हेफेवाइझेन', म्हणजे वाइसबिअरचेच दुसरे नाव, छापलेले होते. बिअर उत्तम होती, पण ती चुकीच्या नावाने विकली जात होती. स्पर्धेत ती त्या नावाने उतरली असती, तर बनवणाऱ्याला हातात पडलेली पत्रिका वाचून वाईट वाटले असते आणि तरीही परीक्षकाचे काही चुकले नसते. बिअर आवडली का, आणि जी म्हणवते ती ती आहे का, हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि ही पत्रिका ते कागदावरच वेगळे करते. पानाच्या तळाशी शैलीशी इमान, बनवण्यातील कौशल्य आणि शब्दांत न मावणारा आनंद यांसाठी तीन स्वतंत्र पट्ट्या दिलेल्या आहेत. माझी पहिली खूण आनंदाच्या पट्टीवर योग्य होती, शैलीच्या पट्टीवर मात्र ती साफ चुकलेली होती.

दोषांच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू होते. केळ्याचा गंध वाइसबिअरमध्ये हवाच, पण पिल्सनर या फिकट, कडवट शैलीत आला तर गुण कापले जातात. डायअसिटिलमुळे येणारा लोण्याचा वास चेक पिल्सनरमध्ये अल्प प्रमाणात चालतो आणि जर्मन पिल्सनरमध्ये चालत नाही. यीस्ट हा पदार्थ आधी तयार करते आणि पुढे स्वतःच शोषून घेते, त्यामुळे बिअर घाईने थंड केली की तो मागे उरतो. पत्रिका भरताना नुसते 'लोण्याचा वास' लिहून थांबायचे नसते, तर तो का आला असावा आणि पुढच्या खेपेला काय करावे, हेही लिहायचे असते. हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण घरी बिअर बनवणारा माणूस स्पर्धेचे शुल्क भरतो ते या चार ओळींसाठी.

तक्रार करायची ती शब्दांबाबत करावी लागेल. पुस्तिकेतील गंधांची भाषा अमेरिकी स्वयंपाकघरातून आलेली आहे. उन्हात राहिलेल्या बिअरला 'स्कंक' या प्राण्याचा वास येतो असे ती सांगते, पण तो प्राणी पुण्यात कोणी हुंगलेला नाही. आम्ही हिरव्या बाटलीतील लागर जातीची बिअर एप्रिलच्या दुपारी अर्धा तास गच्चीवर ठेवली आणि सावलीत ठेवलेल्या बाटलीशेजारी ती उघडली. फरक इतका स्पष्ट होता की पुन्हा प्रयोग करण्याची गरज पडली नाही. प्रकाशाने हॉप्समधील कडू द्रव्ये तुटतात आणि गंधकाशी जुळून हा वास निर्माण करतात. आमच्या वहीत त्यापुढे 'जळकं रबर, नाकाच्या मुळाशी टोचणारं' अशी नोंद आहे. जुन्या झालेल्या बिअरच्या 'ओल्या पुठ्ठ्या'साठी मात्र काहीच शोधावे लागले नाही. जुलैमध्ये दारात भिजलेले पार्सल हुंगले की झाले. यजमानांच्या आई बिअर घेत नाहीत, पण एकदा टेबलाजवळून जाताना त्या एका ग्लासापाशी थांबल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, "अरे, कणसं उकडलेलं पाणी कोणी ओतलंय यात?" तो डीएमएस (डायमिथाइल सल्फाइड) होता. फिकट माल्टमधून येणारा हा पदार्थ माल्टचा रस उकळताना वाफेबरोबर निघून जायला हवा, आणि भांड्यावर झाकण राहिले तर तो बिअरमध्ये राहतो. आम्ही पाचही जणांनी त्या रकान्यात 'धान्यासारखा' असे मोघम लिहिले होते. काकूंचा शब्द आता आमच्या वहीत पहिल्या पानावर आहे.

भारतीय जिन्नसांसाठी पुस्तिकेत जागा आहे, पण ती शोधावी लागते. आंब्याची किंवा कोकमाची बिअर २९-अ या फळांच्या गटात, गुळाची ३१-ब मध्ये, बाजरीची ३१-अ मध्ये जाते. कोकम आणि गूळ दोन्ही घातले तर ती २९-क होते. स्थानिक शैलींच्या परिशिष्टात अर्जेंटिना, ब्राझील, इटली आणि न्यूझीलंड यांच्या बिअरना स्थान मिळाले आहे, पण भारताची एकही शैली तिथे नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. याउलट विटबिअर या बेल्जियन शैलीच्या नोंदीने मला सुखद धक्का दिला. तिच्यात धने आणि संत्र्याची साल असते, आणि धन्यांचा वास भाजीसारखा किंवा सेलरीसारखा येऊ नये, अशी स्पष्ट सूचना आहे. आपले लांबट धने लिंबाच्या अंगाचे, मृदू असतात. मंडईतून आणलेले ताजे धने आणि डब्यात वर्षभर राहिलेले धने दोन वाट्यांत कुटून शेजारी ठेवले, तर त्या सूचनेचा अर्थ बिअर न पिताही कळतो.

पुस्तिका आणि पत्रिका दोन्ही संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. शंभराहून अधिक शैली एकदम वाचण्याचा प्रयत्न करू नये. वाइसबिअर, विटबिअर, अमेरिकन आयपीए आणि आयरिश स्टाउट या चार नोंदींच्या प्रती काढाव्यात आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी दिलेल्या बाजारातील नमुन्यांपैकी जो पुण्यात मिळेल तो आधी आणावा. वाइसबिअरसाठी वाइहेनस्टेफानर आणि विटबिअरसाठी हूगार्डन ही नावे त्या यादीत आहेत. सोबत पाणी आणि बिनमिठाचा पाव ठेवावा. चिवडा आणि मसाला शेंगदाणे पत्रिका गोळा झाल्यावरच बाहेर काढावेत, आणि बसण्यापूर्वी अत्तर लावू नये. ज्यांना रीतसर परीक्षक व्हायचे आहे, त्यांना आधी साठ मिनिटांत १८० प्रश्नांची ऑनलाइन परीक्षा द्यावी लागते आणि नंतर नव्वद मिनिटांत सहा बिअरचे परीक्षण लिहून द्यावे लागते. आमच्यापैकी दोघांनी पहिल्या परीक्षेची तयारी सुरू केली आहे आणि शनिवारी आम्ही घड्याळ लावून सहा ग्लासांचा पहिला सराव करणार आहोत. ग्लास भरण्याचे काम यजमानांच्या सुनेने पुन्हा आपणहून स्वीकारले आहे, आणि नाक तयार ठेवण्याचे काकूंनी.