कोर्टरूम ड्रामा घरी पाहायचा असेल तर: तीन चित्रपटांची तुलना

न्यायालय आणि न्यायनिवाडा यांच्याभोवती फिरणारे तीन चित्रपट मी अलीकडे घरी पाहिले: सिडनी लुमेट यांचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७), चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) आणि जुस्तीन त्रिए यांचा ‘अ‍ॅनाटमी ऑफ अ फॉल’ (२०२३). तिन्ही नावाजलेले आहेत आणि तिन्हींच्या मुळाशी एक मृत्यू व एक आरोपी आहे. तरीही आज रात्री यांपैकी कोणता लावावा असे वेगवेगळ्या लोकांनी विचारले, तर मी प्रत्येकाला वेगळे उत्तर देईन. चित्रपटगृहातला अंधार आपले लक्ष आपोआप पडद्याकडे वळवतो. घरी ते आपले आपणच द्यावे लागते. म्हणून निवड करताना चित्रपट किती थोर आहे हे पाहण्याआधी तो आपल्याकडून कोणत्या प्रकारचे लक्ष मागतो, हे पाहावे असे मला वाटते.

घरच्या पडद्यावर सर्वांत सहज रुळणारा चित्रपट म्हणजे ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’. त्याची लांबी ९६ मिनिटांची आहे आणि सुरुवातीचे व शेवटचे काही क्षण सोडले तर सारे काही ज्युरीच्या, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाच्या, एका खोलीत आणि तिला लागून असलेल्या स्वच्छतागृहात घडते. वडिलांच्या खुनाचा आरोप असलेल्या एका कोवळ्या मुलाला दोषी ठरवायचे की नाही, हे बारा जणांनी एकमताने ठरवायचे असते. पहिल्या मतदानात अकरा जण दोषी म्हणतात आणि एकटा आठव्या क्रमांकाचा ज्युरर, म्हणजे हेन्री फोंडा, थोडे बोलू या म्हणतो. रेजिनाल्ड रोझ यांनी ही कथा आधी १९५४ साली टीव्हीसाठी लिहिली होती, त्यामुळे लहान पडद्यावर ती कुठेही आक्रसल्यासारखी वाटत नाही. लुमेट यांचा हा पहिलाच चित्रपट, पण कॅमेऱ्याचा विचार मात्र मुरलेल्या दिग्दर्शकाचा आहे. सुरुवातीला कॅमेरा नजरेच्या पातळीच्या वर असतो, मधल्या भागात पातळीवर येतो आणि अखेरीस खाली जातो. शिवाय लेन्स हळूहळू अधिक लांब पल्ल्याच्या होत जातात, त्यामुळे भिंती जवळ सरकल्यासारख्या भासतात, छत दिसू लागते आणि उकाड्याने त्रासलेल्या त्या माणसांबरोबर आपलाही श्वास कोंडतो. हे तंत्र माहीत नसले तरी त्याचा परिणाम होतोच. माहीत असेल तर ते पाहण्याचा आनंद निराळा.

चार माणसे एकत्र बसून पाहणार असतील तर माझे मत निःसंशय याच चित्रपटाच्या बाजूने आहे. मध्ये कुणी उठून गेले तरी पुढच्या मतदानाच्या वेळी त्याला वादाचा धागा पुन्हा सापडतो, आणि साक्षीदाराने खरोखर पाहिले असेल का, यावर पडद्याबाहेरही वाद सुरू होतो. एक उणीव मात्र मला प्रत्येक वेळी खटकते. ज्याच्या जिवाचा प्रश्न आहे तो मुलगा आपल्याला क्षणभर दिसतो आणि एक शब्दही बोलत नाही. शिवाय आठव्या ज्युररची प्रत्येक शंका इतक्या अचूकपणे लागू पडते की वाद जिंकला जाणार हे आपल्याला फार लवकर कळते. उपशीर्षके वाचण्याचा कंटाळा असणाऱ्यांसाठी बासू चटर्जी यांनी १९८६ साली केलेले ‘एक रुका हुआ फैसला’ हे हिंदी रूपांतर आहे आणि पंकज कपूर यांच्या संतापासाठी ते अवश्य पाहावे. त्या काळी भारतातल्या फौजदारी खटल्यांत ज्युरी उरलेली नव्हती, हे मात्र बाजूला ठेवून ते पाहावे लागते.

‘अ‍ॅनाटमी ऑफ अ फॉल’ अडीच तासांचा आहे आणि त्याला शांत घर लागते. फ्रान्समधल्या ग्रेनोब्लजवळच्या डोंगरातल्या घराच्या माडीवरून पडून एका माणसाचा मृत्यू होतो. तो अपघात होता, आत्महत्या होती की त्याच्या लेखिका पत्नीने केलेला खून होता, हा प्रश्न न्यायालयापुढे येतो आणि अधू दृष्टीचा त्यांचा मुलगा महत्त्वाचा साक्षीदार ठरतो. हा चित्रपट डोळ्यांइतकाच कानांनी पाहायचा आहे. सुरुवातीला वरच्या मजल्यावरून कर्कश आवाजात पुन्हा पुन्हा वाजणारे संगीत हा पुढे पुराव्याचाच भाग होतो. मृत्यूच्या आदल्या दिवशी ध्वनिमुद्रित झालेले पती-पत्नीचे भांडण न्यायालयात ऐकवले जाते, तेव्हा आधी ते आपल्याला प्रत्यक्ष घडताना दिसते आणि नेमके हातघाईवर येताच चित्र न्यायालयात परतते व उरतो फक्त आवाज. काय पाहिले आणि काय नुसते ऐकले, यातली तफावत दिग्दर्शिकेने चित्र व आवाजाच्या त्या एका जोडणीत मांडली आहे. लॅपटॉपच्या क्षीण स्पीकरवर हा प्रसंग वाया जातो, म्हणून हेडफोन वापरावेत.

भाषेचा वापरही यात फार विचारपूर्वक केला आहे. मूळची जर्मन असलेली नायिका फ्रेंच न्यायालयात अडखळत फ्रेंच बोलते आणि नेमके बोलण्याची वेळ आली की इंग्रजीकडे वळते. सांड्रा ह्युलर यांचा अभिनय इतका संयत आहे की तिच्यावर विश्वास ठेवावा असे वाटत असतानाच तिची एखादी नजर मन बदलून टाकते. कान महोत्सवात या चित्रपटाला पाम दोर हे तिथले सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि पुढे मूळ पटकथेचे ऑस्करही मिळाले; पटकथेचा सन्मान मला विशेष योग्य वाटतो, कारण खटल्याच्या आडून एका संसाराचे हिशेब तपासले जात आहेत हे ती कुठेही बोलून दाखवत नाही. शेवटी सारे स्पष्ट व्हायलाच हवे असा ज्यांचा आग्रह आहे, त्यांची मात्र यात निराशा होईल. एका बैठकीत पाहणे शक्य नसेल तर खटला सुरू होण्यापूर्वी थांबावे, कारण कथा तिथे काही काळ पुढे सरकते आणि दुसऱ्या दिवशी तिथून पुन्हा सुरुवात करणे सोपे जाते. लहान मुले जागी असतील तर भांडणाचा प्रसंग त्यांच्या कानावर पडणार नाही याची काळजी घ्यावी.

‘कोर्ट’ मला तिन्हींत सर्वांत मोठा वाटतो आणि घरी पाहताना सर्वांत जास्त नुकसानही त्याचेच होते. मॅनहोलमध्ये मरण पावलेल्या एका सफाई कामगाराला आपल्या गाण्यातून आत्महत्येस प्रवृत्त केले, असा आरोप नारायण कांबळे या वयस्क लोकशाहिरावर ठेवला जातो. एवढ्या विचित्र आरोपावर दुसऱ्या कुणी घणाघाती भाषणे रचली असती. ताम्हाणे यांचा कॅमेरा लांब, स्थिर उभा राहतो आणि चौकटीतल्या कुणाकडे पाहायचे हे आपल्यावर सोपवतो. कांबळेंच्या आधी आणि नंतर इतर प्रकरणे पुकारली जातात. बिनबाह्यांचा पोशाख घालून आलेल्या एका स्त्रीचे प्रकरण त्या दिवशी ऐकून घेण्यास न्यायाधीश नकार देतात आणि तो क्षण इतक्या नेहमीच्या सुरात निघून जातो की फोनकडे नजर वळलेली असेल तर तो घडला हेही कळणार नाही. हातातला फोन दुसऱ्या खोलीत ठेवण्याची अट मी इतर दोन चित्रपटांसाठी घालणार नाही, याच्यासाठी घालेन.

अनेकांना यातले न्यायालयाबाहेरचे प्रसंग पसरट वाटतात. मला तोच चित्रपटाचा गाभा वाटतो. सरकारी वकील नूतन, म्हणजे गीतांजली कुलकर्णी, न्यायालयात कायद्याची कलमे एका दमात वाचते आणि सुटल्यावर घर गाठून स्वयंपाकाला लागते. सुट्टीच्या दिवशी ती कुटुंबाबरोबर परप्रांतीयांची टिंगल करणारे नाटक पाहायला जाते. विवेक गोंबर यांनी साकारलेला बचाव पक्षाचा वकील जॅझ ऐकतो, महागड्या दुकानात खरेदी करतो आणि आईवडिलांसमोर चिडचिड करतो. यांपैकी कुणीही दुष्ट नाही. जो तो आपले घर, आपला वर्ग आणि आपले ग्रह बरोबर घेऊन न्यायालयात येतो आणि निकाल त्यांतूनच घडत जातो, हे कसलेही भाष्य न करता दाखवायला फार मोठा धीर लागतो. मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी या भाषांत इथली माणसे बोलतात, आणि कोण कुणाशी कोणत्या भाषेत बोलतो हे आपल्याला उपशीर्षकांवाचूनही उमगते. परदेशी प्रेक्षकाच्या हाती ते तितके लागणार नाही. अखेरच्या भागात उन्हाळी सुट्टी लागते, न्यायालयातले दिवे मालवले जातात आणि पडदा बराच वेळ अंधारा राहतो. चित्रपट संपला असे समजून तिथे बंद करू नये, कारण त्यानंतर येणाऱ्या न्यायाधीशांच्या सहलीवाचून तो अपुरा राहील.

तेव्हा पाहुणे असतील किंवा कुटुंबात वयाने लहानमोठी माणसे असतील, तर ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ लावावा. दोघांनीच पाहायचा असेल आणि संपल्यावर रात्री उशिरापर्यंत बोलत बसण्याची तयारी असेल, तर ‘अ‍ॅनाटमी ऑफ अ फॉल’. एकट्याने पाहायचा असेल आणि दिवसभराचा शीण नसेल, तर ‘कोर्ट’. तिन्ही पाहायचे ठरले तर याच क्रमाने पाहावेत असे मी सुचवेन. पहिल्या दोन चित्रपटांत प्रत्येक शंकेसाठी वेळ काढला जातो आणि प्रत्येक साक्षीची चिरफाड होते. ते डोळ्यांसमोर ताजे असले म्हणजे ‘कोर्ट’मध्ये शंका मांडून होताच न्यायाधीश पुढची तारीख देतात, तेव्हा त्या तारखेचे वजन पूर्णपणे जाणवते.