मेर्कादोना: स्पेनमधल्या पहिल्या आठवड्याचा किराणा

भाड्याच्या घराची किल्ली हातात आली की पहिली फेरी सुपरमार्केटचीच होते, आणि स्पेनच्या बहुतेक शहरांत चालत जाण्याच्या अंतरावर एखादं मेर्कादोना सापडतं. ही साखळी व्हॅलेन्सियाची, १९७७ सालची. इथे सेल नाही, पॉइंटांचं कार्ड नाही, 'दोनावर एक फुकट' नाही. १९९३पासून 'कायम कमी भाव' हेच दुकानाचं धोरण आहे. बराचसा माल दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचा असतो: खाण्याच्या वस्तूंवर आसेंदादो, साफसफाईच्या वस्तूंवर बोस्के वेर्दे. शेल्फवरच्या भावात कर धरलेला असतो आणि खाली बारीक अक्षरांत किलोचा किंवा लिटरचा भाव असतो. तुलना त्याच भावाची करावी.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. नवं घर चालू करायला हे दुकान उत्तम आहे, पण मराठी घराचे डबे इथून निम्मेच भरतील.

आधी वेळ. साधारणपणे सोमवार ते शनिवार सकाळी ९ ते रात्री साडेनऊ. पर्यटकांची काही ठिकाणं सोडली तर रविवारी बंद. १५ ऑगस्ट, १२ ऑक्टोबर, ६ आणि ८ डिसेंबर या सुट्ट्यांनाही तीच गत. शनिवारी उशिरा पोहोचणाऱ्या कुटुंबाची म्हणूनच पंचाईत होते. कोपऱ्यावरचं 'आलिमेंतासियोन' पाटीचं छोटं दुकान तेव्हा उघडं सापडतं, पण भाव चढे. ट्रॉलीसाठी नाणं खिशात असावं आणि पिशवी घरून न्यावी. फळं-भाज्यांना हात लावण्याआधी तिथला प्लास्टिकचा हातमोजा घालायची रीत आहे. भाज्यांजवळ काटा असेल तर वजन करून चिकटपट्टी आपणच लावायची, नाहीतर काउंटरवरून परत यावं लागतं. कार्डाच्या मशीनने रुपये की युरो असं विचारलं तर युरोच निवडा, रुपयांचा दर महाग पडतो.

दुधापाशी थोडं थांबायला हवं. फ्रिजबाहेर सहाच्या गठ्ठ्यात असतं ते अतिउष्ण केलेलं दूध. 'एन्तेरा' म्हणजे पूर्ण मलईचं, 'सेमिदेस्नातादा' निम्म्या मलईचं. चहाला चालतं, दह्यालाही छान: उकळायची गरज नाही, कोमट करून विरजण लावलं की लागतं. पनीर मात्र त्याचं करू नका. इतक्या तापमानाला दुधातली प्रथिनं आधीच बदललेली असतात. लिंबू पिळलं की बारीक, भुसभुशीत चोथा निघतो आणि कितीही दाबला तरी वडी धरत नाही. पनीरसाठी फ्रिजमधलं 'लेचे फ्रेस्का' घ्या. विरजणाला 'योगुर नातुराल' हवं. शेजारीच तशाच डब्यांत 'असुकारादो', म्हणजे साखर घातलेलं असतं. कढीसाठी ते घरी आलं की सगळ्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

पिठाने निराशा होते. 'आरिना दे त्रिगो' म्हणजे जवळपास मैदाच. 'इन्तेग्राल' म्हणजे मैद्यात कोंडा मिसळल्यासारखं पीठ, चक्कीचं नव्हे. पोळी लाटताना कडा फाटतात आणि तव्यावर कडक होते. तीन वाट्या इन्तेग्राल चाळून घ्या, एक वाटी साधं पीठ घाला, गरम पाण्याने सैल मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. पहिल्या आठवड्यापुरत्या खाण्याजोग्या पोळ्या होतात. खरी कणीक, तूर, मूग, उडीद, पोहे, हिंग यांसाठी दक्षिण आशियाई दुकानंच गाठावी लागतात. माद्रिदमध्ये लावापिएस आणि बार्सिलोनात रावाल हे भाग त्यासाठी ओळखीचे आहेत.

तांदळात मात्र घाटा नाही. 'आरोस रेदोन्दो' हा आखूड, गोल दाणा पाएया या स्पॅनिश भाताच्या पदार्थासाठी पिकवतात, पण मऊ भात आणि खिचडीला तो बासमतीपेक्षा बरा. डाळींत 'लेन्तेखा पार्दिना' म्हणजे बारीक अख्खा मसूर, आमटीला झकास. काचेच्या बरणीतले शिजवलेले छोले धुऊन थेट कढईत टाकता येतात. कुकर अजून सामानातच अडकलेला असेल तर याचं मोल कळतं. दाण्याच्या कुटासाठी 'सिन साल' लिहिलेले शेंगदाणेच घ्या, बाकीचे खारे असतात.

कोथिंबिरीचं नाव 'सिलांत्रो'. तिची जुळी बहीण वाटावी अशी 'पेरेखिल', म्हणजे पार्सली, शेजारीच असते. नाव वाचता येत नसेल तर वास घ्या. 'पिमेन्तोन' लालभडक दिसतो, पण 'दुल्से' घेतला तर रंग येतो, तिखटपणा नाही. 'पिकान्ते' घ्या, तरी आपल्या तिखटाची अपेक्षा ठेवू नका. मासे खाणाऱ्यांना पापलेट-बोंबील विसरावे लागतात. 'दोरादा' आणि 'लुबिना' मात्र कालवणात चांगले लागतात आणि सांगितलं तर काउंटरवर साफ करून देतात.

शाकाहारी घरांनी सर्वात जास्त वेळ लेबलावर घालवावा. 'मान्तेकिया' म्हणजे लोणी, पण 'मान्तेका' बहुतेकदा डुकराची चरबी. ती बिस्किटांत आणि पोल्वोरोनसारख्या मिठायांत असते. 'आतून' म्हणजे ट्यूना, 'हामोन' म्हणजे डुकराचं खारवलेलं मांस. मिक्स सॅलडमध्ये आणि तयार भाज्यांच्या बरण्यांतही ही दोन नावं निघतात. चीजवर 'कुआखो आनिमाल' दिसलं तर त्यात प्राणिज रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा जनावराच्या जठरातला पदार्थ आहे. तयार 'तोर्तिया' म्हणजे बटाट्याचं अंड्यातलं आम्लेट. 'तोर्तियास दे त्रिगो' मात्र गव्हाच्या रोट्या.

साफसफाईच्या रांगेत दोन चुका नेहमीच्या. 'सुआविसान्ते' हा कपडे मऊ करणारा द्रव, साबण नव्हे. धुलाईला 'देतेर्खेन्ते' हवा. दुसरी चूक धोक्याची: 'लेखिया' म्हणजे ब्लीच आणि 'आमोनियाको' म्हणजे अमोनिया. दोन्ही इथे स्वस्तात मिळतात, पण एकत्र केले तर विषारी वायू तयार होतो. बाथरूम घासताना एका वेळी एकच वापरा. भांड्यांच्या मशीनचं मीठही पिशवीत मिठासारखंच दिसतं, ते खायचं नाही.

तापाची गोळी इथे शोधू नका. स्पेनमध्ये औषधं फक्त हिरव्या क्रॉसच्या 'फार्मासिया'त मिळतात. रात्री-रविवारी जवळची कोणती उघडी आहे, त्याची यादी बंद फार्मासियाच्या दारावर लावलेली असते.