दोन डिस्कांचा नेटवर्क स्टोरेज सर्व्हर : २००० सालच्या तारीखबदलाच्या कसोटीवर

हे परीक्षण २००० साल उजाडण्यापूर्वीचे आहे, जेव्हा वर्षाचे दोनच आकडे ठेवणारी यंत्रे ९९ नंतरच्या ०० ला १९०० समजतील अशी भीती होती. खोक्यावर ‘२००० सालासाठी सज्ज’ असा शिक्का असलेला एक नेटवर्क स्टोरेज सर्व्हर गेले तीन आठवडे माझ्या टेबलावर आहे, आणि या तीन आठवड्यांत त्याने ३१ डिसेंबर १९९९ ची मध्यरात्र चाळीसहून अधिक वेळा पाहिली आहे. दोन हार्ड डिस्क, दुसरीवर पहिलीची तंतोतंत प्रत, मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही, सगळी मांडणी ब्राउझरमधून करायची, असा हा लहान डबा आहे. विंडोजच्या संगणकांना तो एसएमबीने, युनिक्सच्या यंत्रांना एनएफएसने आणि मॅकिंटॉशना एएफपीने फाइली पुरवतो; ही तिन्ही नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याच्या पद्धतींची नावे आहेत. निर्मात्याचे नाव मी हेतुपुरस्सर देत नाही. माझा निष्कर्ष डब्याच्या नावावर नव्हे, तर त्यातल्या फर्मवेअरच्या, म्हणजे यंत्रातच बसवलेल्या प्रोग्रॅमच्या, आवृत्तीवर अवलंबून आहे, आणि नाव वाचल्यावर आपल्याकडच्या डब्यातली आवृत्ती तपासण्याचे काम वाचक सोडून देतील अशी मला भीती वाटते.

साध्या संगणकाची तारीख चुकली, तर ती पडद्याच्या कोपऱ्यात दिसते आणि कोणीतरी ती दुरुस्त करतो. स्टोरेज सर्व्हरला पडदाच नसतो. शिवाय इथे तारीख केवळ दाखवण्यासाठी नसते. प्रत्येक फाइलवर ती उमटते आणि त्या शिक्क्यावरून बॅकअपचा प्रोग्रॅम कोणती फाइल उचलायची आणि कोणती सोडायची ते ठरवतो. एका रात्री शिक्का चुकीचा उमटला, तर त्या रात्री काहीच बिघडल्यासारखे वाटत नाही; काही महिन्यांनी डिस्क बंद पडते, बॅकअपच्या टेपवरून फाइली परत आणायला घेतल्या जातात आणि तेव्हा त्यातल्या काही टेपवर कधी गेल्याच नव्हत्या हे कळते. म्हणून ‘चालू राहिला’ एवढ्यावर अशा यंत्राला उत्तीर्ण करणे मला मान्य नाही.

कसोटीसाठी मी ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशनने प्रसिद्ध केलेली २००० सालच्या सुसंगतीची व्याख्या समोर ठेवली. तिच्यात चार नियम आहेत : चालू तारीख कोणतीही असली तरी काम खंडित होऊ नये, तारखेवर चालणारे व्यवहार २००० च्या आधी, त्या वर्षात आणि नंतर सारखेच चालावेत, जिथे जिथे तारीख साठवली वा दिली-घेतली जाते तिथे शतक एकतर स्पष्ट लिहिलेले असावे, नाहीतर नि:संदिग्ध नियमाने ठरावे, आणि २००० हे लीप वर्ष मानले जावे. पहिला, दुसरा आणि चौथा नियम तपासणे तुलनेने सोपे आहे. तिसऱ्यात ‘जिथे जिथे’ हे शब्द आहेत, आणि स्टोरेज सर्व्हरमध्ये ती ठिकाणे मोजायला बसले की काम एकदम वाढते.

सर्वांत खाली बॅटरीवर चालणारी घड्याळाची चिप असते. संगणकांत रूढ असलेल्या या चिपमध्ये वर्षाचे शेवटचे दोनच आकडे असतात. शतकाचे आकडे शेजारच्या मेमरीत वेगळे ठेवलेले असतात आणि ९९ चे ०० झाले तरी चिप त्यांना आपणहून पुढे सरकवत नाही. त्याच्या वर कर्नल, म्हणजे सर्व्हरच्या कार्यप्रणालीचा गाभा, असतो. तो १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतो, आणि त्याच्या लेखी २००० ची सुरुवात म्हणजे ९४,६६,८४,८०० हा इतर आकड्यांसारखाच एक आकडा आहे. एनएफएसही याच हिशेबाने बोलते. एसएमबीमध्ये दोन पद्धती एकत्र नांदतात : नव्या आज्ञांत १६०१ पासूनचा काळ सेकंदाच्या एक कोटीव्या भागात मोजलेला असतो, तर जुन्या आज्ञांत डॉस या जुन्या कार्यप्रणालीची तारीख असते, जिच्यात वर्षाला सात बिट दिलेले असून मोजणी १९८० पासून सुरू होऊन २१०७ ला संपते. एएफपीची पद्धत या दृष्टीने सर्वांत लक्षवेधी आहे, कारण तिचा शून्यच १ जानेवारी २००० ला आहे. आजवरच्या प्रत्येक फाइलची तारीख तिथे ऋण आकड्यात गेलेली आहे आणि मध्यरात्री प्रथमच चिन्ह बदलणार आहे. चिन्हाबाबत निष्काळजी राहिलेला प्रोग्रॅम नेमका तिथे घसरू शकतो, म्हणून मॅकिंटॉशवरून मी जास्त वेळा तपासणी केली.

पहिली चाचणी माझ्याच चुकीने वाया गेली. घड्याळ ३१ डिसेंबरला रात्री ११ वाजून ५५ मिनिटांवर लावले, फाइली लिहायला सुरुवात केली आणि दोनच मिनिटांत सर्व्हर चालू महिन्यात परत आला. वेळ जुळवून घेण्याची सोय मूळ मांडणीतच सुरू होती आणि त्याने नेटवर्कवरच्या वेळेच्या सर्व्हरला विचारून स्वतःला ‘दुरुस्त’ केले होते. त्यानंतर मी सर्व्हर आणि तीन संगणक वेगळ्या हबवर जोडले, ती सोय बंद केली आणि चारही घड्याळे प्रत्येक वेळी एकत्र पुढे नेली. हे करू इच्छिणाऱ्यांना कळकळीने सांगतो, की खऱ्या फाइली असलेल्या यंत्राची तारीख कधीही पुढे ढकलू नका. पासवर्डची मुदत संपते, मुदतीचे परवाने बंद पडतात, ‘इतक्या दिवसांहून जुने ते पुसा’ अशी सूचना दिलेली असेल तर ती इमानेइतबारे पाळली जाते, आणि तारीख मागे आणल्याने यातले काही परत येत नाही.

चालू स्थितीतला बदल सर्व्हरने निर्दोष पार पाडला. तिन्ही बाजूंनी सतत लेखन चालू असताना मध्यरात्र उलटली. एकही जोडणी तुटली नाही, एकही फाइल अर्धवट राहिली नाही आणि तिन्ही संगणकांवर फाइलींचा क्रम योग्य दिसला. एएफपीचे चिन्हही बिनबोभाट बदलले. कर्नल जागतिक प्रमाणवेळेत मोजतो आणि ब्राउझरमधले व्यवस्थापनाचे पान मात्र स्थानिक वेळ दाखवते, त्यामुळे या यंत्राच्या दृष्टीने एकाऐवजी दोन मध्यरात्री आहेत. प्रमाणवेळेच्या पुढचा आणि मागचा असे दोन्ही टाइम झोन लावून मी त्या दोन्ही तपासल्या. बहुतेक परीक्षणे इथेच थांबतात, आणि माझी या परीक्षणांबद्दलची तक्रार हीच आहे.

कारण त्या रात्री असंख्य सर्व्हर चालू नसतील. सुट्टीमुळे किंवा खबरदारी म्हणून ते बंद ठेवले जातील आणि कामाच्या पहिल्या दिवशी सकाळी सुरू केले जातील. म्हणून मी घड्याळ ११ वाजून ५५ मिनिटांवर लावून सर्व्हर बंद केला, दहा मिनिटे थांबलो आणि पुन्हा सुरू केला. खोक्यातून आलेल्या फर्मवेअरवर, म्हणजे शिक्का मारून विकल्या जाणाऱ्या फर्मवेअरवर, तारीख आली १ जानेवारी १९७०. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. चिपने ०० दिले, शेजारच्या मेमरीत शतक १९ च राहिले होते, फर्मवेअरने दोन्ही जोडून १९०० वाचले. १९७० पासून मोजणाऱ्या कर्नलला ते वर्ष पटले नाही आणि त्याने शून्यापासून सुरुवात केली. कोणताही दिवा लाल झाला नाही, कोणतीही सूचना आली नाही, फाइली उघडत होत्या आणि लिहिल्याही जात होत्या.

यातली खरी मेख पुढे आहे. मी विंडोजवरून काही फाइली सर्व्हरवर कॉपी केल्या आणि त्यांच्या तारखा बरोबर दिसल्या. क्षणभर मला वाटले, की चूक फक्त पानावर दिसणाऱ्या वेळेत आहे. पण फाइल कॉपी करताना मूळ फाइलची बदलाची तारीख विंडोज आपल्याकडून पाठवते. सर्व्हरचे घड्याळ तिथे विचारलेच जात नाही. थेट सर्व्हरवर नवी फाइल तयार करून जतन केली, की तिच्यावर १९७० उमटत होते. म्हणजे कॉपी करून तपासणाऱ्याला हा सर्व्हर निरोगी वाटेल, आणि कामकाजात तयार होणारी प्रत्येक नवी फाइल मात्र तीस वर्षे जुनी ठरेल. त्यानंतर मी केवळ तारखेची तुलना करणाऱ्या प्रोग्रॅमने वाढीव बॅकअप, म्हणजे मागच्या बॅकअपनंतर बदललेल्या फाइलींचाच बॅकअप, घेतला. अपेक्षेप्रमाणे १९७० च्या सगळ्या फाइली ‘मागच्या बॅकअपपूर्वीच्या’ म्हणून वगळल्या गेल्या. आर्काइव्ह बिट, म्हणजे फाइल बदलली की तिच्यावर लागणारी खूण, पाहणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमने त्या उचलल्या, पण कोणाकडे कोणता प्रोग्रॅम आहे यावर फाइलींचे भवितव्य अवलंबून राहावे, हे मला कोणत्याही अर्थाने ‘सज्ज’ असण्याचे लक्षण वाटत नाही. शनिवारी चालायचे म्हणून नेमलेले कामही चालले नाही, कारण १ जानेवारी २००० हा शनिवार असला तरी १ जानेवारी १९७० हा गुरुवार होता.

निर्मात्याच्या मदत विभागाला मी हे सविस्तर लिहून कळवले. पहिल्या उत्तरात प्रमाणपत्राची प्रत आली. तिच्यात ‘चालू स्थितीत’ हे दोन शब्द होते, जे खोक्यावरच्या शिक्क्यात नाहीत. दुसऱ्या उत्तरात मात्र नव्या फर्मवेअरची फाइल मिळाली, आणि ती आधीपासून उपलब्ध होती असेही कळले. नवी आवृत्ती चढवणे सोपे आहे, दोन वेळा यंत्र पुन्हा सुरू करावे लागते आणि डिस्कवरच्या फाइलींना धक्का लागत नाही. ही आवृत्ती शतकाच्या मेमरीवर विसंबतच नाही : ७० ते ९९ आले तर १९००, ०० ते ६९ आले तर २००० जोडायचे, असा नियम तिने स्वीकारला आहे. व्याख्येतल्या तिसऱ्या नियमाला हे पुरते. बंद स्थितीतली चाचणी मी या आवृत्तीवर बारा वेळा केली, त्यांपैकी चार वेळा वीज अचानक तोडून, आणि बाराही वेळा तारीख योग्य आली. त्यानंतर दुसऱ्यांदा सुरू केल्यावरही ती टिकली, हे मुद्दाम नोंदवतो, कारण पहिल्यांदा अंदाजाने दुरुस्त झालेली तारीख चिपमध्ये परत लिहिली गेली नाही, तर दुसऱ्या वेळी चूक पुन्हा डोके वर काढू शकते.

लीप वर्षाबाबत लिहिण्यासारखे फार नाही. २००० ला ४०० ने भाग जातो म्हणून ते लीप वर्ष आहे, आणि दोन्ही आवृत्त्यांना हे माहीत आहे. २८ फेब्रुवारीनंतर मंगळवार, २९ तारीख आली, तिच्यानंतर १ मार्च आला, वर्षाचा ३६६ वा दिवस ३१ डिसेंबरला पडला आणि २००१ च्या फेब्रुवारीत २९ तारीख आली नाही.

लॉगच्या, म्हणजे सर्व्हर स्वतः ठेवत असलेल्या कामाच्या नोंदींच्या, बाबतीत मात्र नवी आवृत्तीही कमी पडते. व्यवस्थापनाच्या पानावर लॉगमधले वर्ष १ जानेवारीपासून ‘१९१००’ असे दिसते. वर्ष १९०० पासून मोजून मिळणाऱ्या आकड्याच्या आधी कोणीतरी ‘१९’ चिकटवले आहे. ९९ पर्यंत हे खपून गेले आणि १०० ला उघडे पडले. ही चूक डोळ्यांना खुपते, पण तिच्याने नुकसान होत नाही. नुकसान करणारी चूक तिच्या मागे दडलेली आहे. रोजच्या लॉगच्या फाइलीला सर्व्हर वर्षाचे दोन आकडे, महिना आणि दिवस असे नाव देतो आणि एकूण तीस फाइली ठेवून नावाच्या क्रमाने पहिली असेल ती सर्वांत जुनी समजून पुसतो. ९९१२३१ नंतर ०००१०१ येते. क्रमाने ती पहिली ठरते आणि तीस फाइली आधीच असल्यामुळे त्याच रात्री पुसली जाते. दुसऱ्या दिवशी ०००१०२ चे तेच होते. परिणामी डिसेंबर १९९९ चे लॉग कायम राहतात आणि नव्या वर्षातला एकही लॉग टिकत नाही. ज्या दिवसांत काही बिघडले का हे पाहायला लॉगची सर्वाधिक गरज पडेल, नेमक्या त्याच दिवसांत तो नसेल. यावर तूर्तास एकच उपाय सापडला : लॉगच्या जुन्या फाइली दुसरीकडे हलवून डिसेंबरअखेर ते फोल्डर रिकामे करणे. तसे केल्यावर पुढची नावे आपापसांत योग्य क्रमाने लागतात.

तारीख हाताने भरायच्या चौकटीत वर्ष ‘००’ लिहिले तर ते २००० धरले जाते, चार आकडे लिहिले तरी चालते आणि २०३७ च्या पुढचे वर्ष स्वीकारले जात नाही. ही शेवटची मर्यादा समजण्याजोगी आहे, कारण ३२ बिटांत मोजलेले सेकंद १९ जानेवारी २०३८ ला संपतात, आणि चुकीचे वर्ष घेण्यापेक्षा ते नाकारणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

चाचण्या संपल्यावर मी दोन्ही डिस्क पूर्ण पुसून मांडणी नव्याने केली, कारण भविष्यातल्या तारखेची एखादी फाइल मागे राहिली तर तारखेची तुलना करणारा बॅकअप तिला ‘नुकतीच बदललेली’ समजून पुढचे कित्येक दिवस रोज उचलत राहतो.

खरेदीबाबत माझे मत असे आहे. नवी फर्मवेअर आवृत्ती चढवलेली असेल, तर हा सर्व्हर फाइली सुरक्षित ठेवण्याच्या मुख्य कामात विश्वासार्ह आहे आणि मी तो घ्यायला सांगेन. खोक्यातून आला तसा तो वापरू नये, शिक्का असला तरी. आवृत्तीचा क्रमांक खोक्यावर कुठेही छापलेला नाही. व्यवस्थापनाच्या पानावर ‘सिस्टिम’ या भागात तळाशी तो दिसतो, आणि विक्रेत्याने यंत्र सुरू करून तो दाखवल्याशिवाय पैसे देऊ नयेत. लॉगच्या चुकीची दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत येईल असे मला लेखी कळवण्यात आले आहे. ती आली की चाचण्या पुन्हा करण्यासाठी सर्व्हर मी अजून परत पाठवलेला नाही.